घेवड्याची साक्ष

शेतीविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर नीरेच्या खोऱ्यांतील वडिलार्जित चार एकर आम्ही स्वतः पाहूं लागलों, एवढाच काय तो आमचा अनुभव. परंतु त्या चार एकरांनीं आम्हांस एक कबुली द्यावयास लावली. ती वाचकांपुढें ठेवणें उचित वाटतें.

पहिल्या वर्षीं आम्हीं घेवडा पेरला. तो विरळ उगवला, पानांच्या कडा करपल्या, आणि शेंगा धरण्यापूर्वींच झाडें पिवळीं पडलीं. वडिलांच्या वेळेपासूनचा आमचा एक वृद्ध गडी होता. त्यानें पाणी देण्यांत हयगय केली असा ठपका आम्हीं त्याजवर ठेवला. पुढील वर्षीं स्वतः उभे राहून दुप्पट पाणी दिलें. पीक अधिकच लवकर गेलें. म्हातारा कांहीं बोलला नाहीं. वरंब्याच्या माथ्यावरचा पांढरा थर त्यानें बोटावर घेतला, जिभेला लावला आणि तो आमच्याकडे पाहत राहिला.

माती तपासून घेतली तेव्हां उलगडा झाला. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. कालव्याचें पाणी गोडें; परंतु निचरा नसलेल्या काळ्या जमिनीवर तें वारेमाप सोडलें कीं खालची पाणपातळी वर येते, ऊन पाणी नेतें आणि क्षार मागें ठेवतें. डॉ. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनीं १९१० मध्येंच ह्या खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं लिहून ठेवलें आहे. अशा मातींत ओल असूनहि मुळांस ती ओढतां येत नाहीं. हवेंतील नत्र मिळवून देणाऱ्या मुळांवरील गांठीहि नीट धरत नाहींत. कापूस बराच क्षार पोटांत घालतो. घेवडा मात्र अल्पशा क्षारानेंहि खचूं लागतो. दणकट पिकांनीं जें वर्षानुवर्षें झांकून ठेवलें असतें, तें त्यानें एका हंगामांत सांगून टाकलें.

आम्हीं गड्यास विचारलें. त्यानें बांधालगतची जागा दाखविली. “हितं चर हुता, मालक. उसाच्या चार सऱ्या वाढाव्या म्हून थोरल्या मालकांनी बुजवला.” त्याच उंसावर आमचें शिक्षण झालें होतें!

चर पुन्हां ओढ्यापर्यंत खणला. मग वाफे बांधून गोड्या पाण्यानें माती धुतली. चर नसतां हेंच पाणी क्षार वर आणतें. एका कोपऱ्यांत माती चोपण, म्हणजे सोडियममुळें घट्ट झालेली निघाली; तेवढ्यांतच जिप्सम घातला. धैंचा गाडला, दोन वर्षें कापूस घेतला. तिसऱ्या वर्षीं घेवडा टोकला तो वरंब्याच्या माथ्यावर नव्हे, कारण क्षार तेथेंच सांचतात, तर बगलेला. आणि ओल उडूं नये म्हणून वर पाचट पसरलें.

पीक भरघोस आलें असें नव्हे. परंतु शेंगा धरल्या. पहिली पाटी आम्ही स्वतः गड्याच्या घरीं घेऊन गेलों. क्षमा मागावयाची होती. शब्द आले नाहींत. म्हातारा एक शेंग मोडून पाहत म्हणाला, “चर तेवढा बुजू देऊ नका.”