घाटावरची इमारत

कर्जतला वाढलेल्या पोराला इंजिनिअरिंग फलाटावरच भेटतं. पुण्याची गाडी थांबते, वडेवाले धावतात, तेवढ्यात मागून ढकलायला बँकर इंजिन लागल्याचा धक्का बसतो. पुढे ३७ फुटांना १ फूट असा बोरघाटाचा चढ. खोपोलीला गेलं की डोंगरावरून उतरणारे टाटांचे पाइप. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचं पाणी त्यांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि १९१५ पासून त्याची वीज मुंबईला जाते. एवढं सगळं दाराशी, पण ते शिकायचं तर घाट चढून पुण्याला! वडील रेल्वेत. ‘पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज’ हे शब्द ते देवस्थानाचं नाव घ्यावं तसे घेत.

मला प्रवेश मिळाला तेव्हा शिवाजीनगरला उतरून पहिल्यांदा ती दगडी, कमानींची मुख्य इमारत पाहिली. खरं सांगायचं तर दडपणच आलं. बोरघाटातली रेल्वे १८६३ ची आणि या इमारतीची कोनशिला सर बार्टल फ्रिअर यांनी बसवली १८६५ मध्ये, म्हणजे दोघी पाठोपाठच्या बहिणी. घाट बांधताना आराखडे साहेबांचे आणि मेले ते हजारो मजूर आपले. या कॉलेजचा १८५४ चा मूळ वर्गही सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी निघालेला. त्याच संस्थेतून १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या बाहेर पडले, हे मात्र साहेबाच्या हिशेबात नसावं.

इमारत जागची हलली नाही, विद्यापीठं तेवढी बदलत गेली. आधी मुंबई, मग पुणे, आणि २०२२ मध्ये कॉलेज स्वतःच विद्यापीठ झालं. माझ्या पदवीच्या कागदावरचं नाव आताच्या मुलांना जुनं वाटतं.

नव्वदच्या दशकात कर्जतलाच कोकण ज्ञानपीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. माझी पुतणी तिथे शिकली, घरचा डबा नेऊन. तिथे गॉथिक कमानी नाहीत. नसू देत. पुण्याच्या कमानींना जे कधी मिळणार नाही ते कर्जतच्या खिडकीतून दिसतं. तेव्हा तिथल्या प्राध्यापकांना एकच विनंती: पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉपमध्ये फाइल घासायला लावण्याआधी परवानगी काढून खोपोलीच्या वीजघरात न्या, आणि कर्जत स्टेशनवर बँकर जोडताना दाखवा.