जपून वापरलेली मोटार

माणूस सेवानिवृत्त झाला की त्याला दोन नाद लागतात: प्रकृती जपण्याचा आणि वस्तू जपण्याचा. मला दोन्ही एकदमच लागले. फंडाच्या पैशांतून मी एक छोटी मोटार घेतली आणि ती इतकी जपली की, चार वर्षांत तिची धाव जेमतेम ६,००० किलोमीटर भरली. तो आकडा मी आल्यागेल्याला अभिमानाने दाखवीत असे.

मोटारीचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे सहाला एरंडवण्यातल्या घरून निघायचे, दीड किलोमीटरवर टेकडीच्या पायथ्याशी तिला उभी करायची, आणि तासभर फिरून परत यायचे. फिरायला जाण्यासाठी मोटार कशाला, असे आपण विचाराल. आमच्या सौभाग्यवतीनेही विचारले होते. पण पुण्याची थंडी म्हणजे काही थट्टा नव्हे! १९३५ सालच्या जानेवारीत इथे पारा १.७ अंशांवर उतरला होता, हे मी तिच्या नजरेस आणून दिले. आजही थंडीच्या दिवसांत पहाटे तो दहाच्या खाली जातोच.

वाईला सौ.ची थोरली बहीण असते. "एकदा दोघे मोटारीने या" असा तिचा निरोप दर दोन-तीन महिन्यांनी येई. मी म्हणे, "नव्वद किलोमीटर, त्यात खंबाटकीचा घाट! गाडीला कशाला दमवायचे? आपली एस.टी. सोन्यासारखी आहे." सौ. काही बोलत नसे. पिशवी भरून ती एकटीच स्वारगेटला जाई.

गेल्या जानेवारीत एके सकाळी मी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तो तेल वरच्या खुणेच्याही वर! दोन वर्षांत मी थेंबभर घातले नव्हते. आमची गाडी तेल पीत तर नाहीच, उलट तेल देते, असे वाटून मला धन्य वाटले. मग तेल ओतायचे झाकण फिरवून काढले आणि तो आनंद तिथेच मावळला. झाकणाला आतून पिवळट पांढरी, दाट साय धरली होती.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने आधी रेडिएटरचे पाणी पाहिले. ते भरलेले होते. म्हणजे तिथून गळून आत उतरले नव्हते. मग त्याने पट्टीचा वास घेतला.

"काका, यात पेट्रोल आहे. गाडी रोज किती चालते?"

"जायला दीड, यायला दीड किलोमीटर. अगदी जपून वापरतो."

"म्हणूनच!" तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितले ते मला प्रथम खरेच वाटेना. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतेक वाफ होऊन मागच्या नळीतून निघून जाते. पण थोडी वाफ पिस्टनच्या कडांवरून खाली तेलात उतरते आणि इंजिन गार असले की तिचे पुन्हा पाणी होते. शिवाय गार इंजिनाला पेट्रोलही जास्त द्यावे लागते. त्यातले काही न जळताच तेलात मिसळते. तेल तापून शंभर अंशांच्या आसपास गेले की पाणी आणि बरेचसे पेट्रोल उडून जाते. पण तेल सावकाश तापते. रेडिएटरचे पाणी गरम झाले तरी ते मागेच असते. दीड किलोमीटरात बिचारे धड कोमटही होत नाही. मग पाणी साठते, आम्ल तयार होते, तेलाचा वंगणपणा जातो, गाळ धरतो आणि आतले भाग झिजू लागतात. थंडीत तर हे सारे लवकर होते.

घरी येऊन मी हे शास्त्र सौ.ला समजावू लागलो. ती लोणी कढवीत होती. मागे न वळताच म्हणाली, "म्हणजे लोण्यासारखेच की! नुसते कोमट करून उतरवले तर पाणी आतच राहते नि वास येतो. तडतड थांबेपर्यंत कढवावे लागते. तुम्ही चार वर्षे नुसते कोमट करून उतरवताय."

मी मुकाट्याने मोटारीबरोबर आलेले पुस्तक काढले. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलावे, असे त्यात होते. त्यातला पूर्वार्ध तेवढा माझ्या ध्यानात राहिला होता. खाली आणखी एक ओळ होती: फेऱ्या आखूड असतील तर याहूनही लवकर. त्या वापराला पुस्तकवाल्यांनी चक्क 'खडतर' म्हटले होते!

कॅनडात विनिपेगला असलेल्या मुलाला फोनवर हकीकत सांगितली. तिकडे पारा शून्याखाली तीसपर्यंत जातो. रात्री गाडीला विजेची वायर जोडून इंजिन उबदार ठेवावे लागते, आणि तेलही थंडीत चटकन वाहणारे घ्यावे लागते. डब्यावर '५ डब्ल्यू ३०' असे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यू 'विंटर'चा. तो हसून म्हणाला, "बाबा, पुण्याच्या थंडीला दोष देऊ नका. गाडीला जरा लांब न्या."

तेल बदलले. आठवड्यातून एकदा तरी पाऊण तास मोठ्या रस्त्याने चालवा, असे मिस्त्रीने बजावले होते. रविवारी आम्ही वाईला निघालो. खंबाटकीचा चढ गाडी गुणगुणत चढली.

मेव्हणीबाई दारातच बसल्या होत्या. मी "नमस्कार" म्हणालो तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखले. त्यांना आता नीट दिसत नाही, हे मला ठाऊकच नव्हते. सौ.ने सांगितलेही असेल. मी ऐकले नसेल. बहिणीचा हात धरून त्या फाटकापर्यंत आल्या आणि चाचपत त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"केवढी तापलीय गं! फार लांबून आलात," त्या म्हणाल्या.

मला काही बोलता आले नाही.

आता टेकडीवर मी पायी जातो. महिन्यातून एका रविवारी सौ. डबा भरून, पायांत चपला घालून तयार असते आणि मला हाक मारते, "चला, तेल तापवायचे आहे ना?"

झाकण आता स्वच्छ असते. किलोमीटरचा आकडा मात्र भराभर वाढतो आहे, आणि हल्ली तो मी कुणाला दाखवीत नाही.