पावणेचार इंचांची पाठचिकित्सा

मराठी शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांच्या घरी विज्ञानपटातील खेळण्यांचे एक खोके यावे, हा योगायोगच म्हणायचा. आमच्यापैकी एकाचे सख्खे मामा, म्हणजे दुसरीचे मामेसासरे, १९७४ पासून अमेरिकेत ओहायो राज्यातील सिनसिनाटी या गावी होते. २०१९ मध्ये ते गेले. पुढे मामींनी घर आवरायला घेतले तेव्हा एका नातलगाबरोबर त्यांनी हे खोके आमच्याकडे पाठवले. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. हे तुमच्याच मामांचे वेड आहे, विकायचे असल्यास विका, पण नीट किंमत करून विका, असा तिचा मतलब. खोक्यात 'स्टार वॉर्स'च्या एकसष्ट बाहुल्या आणि मामांची एक वही होती.

'बाहुल्या' हा शब्द या जगात चालत नाही. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने त्याला 'ॲक्शन फिगर' असे नाव दिले गेले. तेच नाव पुढे रूढ झाले. बाहुलीचे कपडे बदलायचे आणि फिगरचे हातपाय हलवायचे, एवढ्या फरकावर एक नवा वाङ्मयप्रकार, आपले, खेळण्यांचा प्रकार उभा राहिला.

'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याची खेळणी करण्याचा हक्क केनर या कंपनीकडे होता, आणि केनर ही मामांच्याच गावची, सिनसिनाटीची. चित्रपट इतका चालेल याची कल्पना नसल्याने त्या वर्षीच्या नाताळापर्यंत खेळणी तयार होणे शक्य नव्हते. तेव्हा केनरने एक नामी युक्ती काढली. तिने रिकामे पाकीट विकले. पुठ्ठ्याच्या त्या मोठ्या पाकिटात चित्रे होती आणि एक प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र टपालाने परत पाठवले की तयार झाल्यावर चार फिगर घरपोच येणार होत्या. त्या १९७८ मध्ये आल्या. म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा आरंभच न मिळालेल्या खेळण्यापासून झाला. पुढे जे सांगायचे आहे त्याच्या दृष्टीने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या फिगर पावणेचार इंची होत्या. 'जी. आय. जो' मुळात बारा इंची होता. त्याच्या मानाने या चिमुकल्या, पण लहान आकारामुळे त्या स्वस्त पडल्या आणि त्यांच्या मापाची अंतराळयानेही करता आली. पहिल्या खेपेला बारा पात्रे निघाली. १९८५ मध्ये ही मालिका थांबेपर्यंत पात्रांची संख्या शंभराच्या जवळ पोहोचली होती आणि विक्री कोट्यवधींच्या घरात गेली होती. शेवटी दुकानदारांनी उरलेला माल टोपल्यांत ओतून मिळेल त्या भावाने काढून टाकला. त्या टोपल्यांतूनच मामांनी भाच्यासाठी चार नग उचलले, बॅगेत जागा नाही म्हणून त्यांचे पुठ्ठे फाडून फेकले आणि १९८६ च्या दिवाळीत ते पुण्याला घेऊन आले.

भाच्याने चित्रपट पाहिलेला नव्हता. चारांपैकी एक पांढऱ्या चिलखतातला, चेहरा पूर्ण झाकलेला शिपाई होता. हा 'स्टॉर्मट्रूपर' आहे, दुष्ट साम्राज्याचा सैनिक आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे जायची होती. त्या दिवाळीत तो किल्ल्याच्या महादरवाजावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. आजूबाजूला मातीचे मावळे, वर सिंहासनावर महाराज, उतारावर उगवलेले अळीव, आणि खाली हा परग्रहावरचा द्वारपाल. संहिता ठाऊक नसताना केलेले ते वाचन होते. ते चूक होते असे आजही आम्हाला म्हणवत नाही.

मामांना स्वतःला या खेळण्यांचा नाद लागला तो नंतर, नव्वदच्या दशकात. त्यांची वही वाचताना आम्हाला जे आश्चर्य वाटले ते या लेखाचे खरे निमित्त. आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून मराठीत ही विद्या आहे, असे अभिमानाने सांगतो. पाठभेद, प्रक्षेप, लेखनिकाची चूक, पुष्पिका हे शब्द पोथ्यांपलीकडे कुठे लागू पडतील अशी कल्पना आम्ही केली नव्हती. मामांच्या वहीत तीच विद्या निराळ्या सामग्रीवर राबत होती.

प्रत्येक फिगरच्या पायाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वर्ष, हक्कधारकाचे नाव आणि पुष्कळदा कुठल्या देशात बनली ते उठवलेले असते. हीच तिची पुष्पिका. एकच पात्र हाँगकाँगमध्ये एका साच्यातून निघाले आणि तैवानमध्ये दुसऱ्यातून, म्हणजे पाठभेद आलाच. लेखनिकाच्या चुकांचेही नमुने आहेत. 'स्नॅगलटूथ' नावाचे एक किरकोळ पात्र घडवताना कारागिरांपुढे त्याचे कमरेपर्यंतचेच कृष्णधवल छायाचित्र होते. त्यांनी अंदाजाने त्याला उंच केले, निळा पोशाख दिला, रुपेरी बूट घातले. सिअर्स या दुकानासाठी बनवलेल्या संचातून तो विकलाही गेला. प्रत्यक्ष पडद्यावर पात्र बुटके आणि लाल पोशाखातले होते. पुढच्या खेपेला चूक दुरुस्त झाली. अर्थात आज संग्राहकाला शुद्ध प्रतीपेक्षा ही अशुद्ध प्रतच हवी असते.

मामांच्या वहीत सर्वाधिक पाने मात्र 'जावा' या पात्राला दिलेली होती. वाळवंटात भंगार वेचणारा हा टोपडेवाला बुटका पहिल्या बारांपैकीच एक. प्रथम त्याला प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा झगा होता. एवढीशी आकृती, त्यात असा झगा, तर पैसे दिल्यासारखे वाटणार नाही, अशा विचाराने केनरने लवकरच तो बदलून कापडी झगा दिला, असे सांगतात. त्यामुळे प्लॅस्टिकचा झगा असलेले जावा थोडे आणि महाग. असा एक जावा मामांनी एका विक्रेत्याकडून घेतला होता. किती डॉलरला ते वहीत आहे, इथे सांगत नाही. मामींना कळले असते तर त्या दोन दिवस बोलल्या नसत्या, एवढे म्हणणे पुरे.

आता किमतीकडे यावे. संग्राहकांच्या जगात मूल्यमापनाची रीतसर व्यवस्था आहे. 'ॲक्शन फिगर ॲथॉरिटी' नावाची संस्था फिगर तपासून तिला शंभरपैकी गुण देते आणि पारदर्शक पेटीत मोहोरबंद करून परत पाठवते. गुण देणे हा आमचाही धंदा असल्याने आम्ही निकष कुतूहलाने वाचले. रंग उडाला आहे का, सांधे सैल झाले आहेत का, पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडले आहे का, हातातले शस्त्र मूळचेच आहे का. आणि फिगर अजून पुठ्ठ्यावर असेल तर पुठ्ठ्याचे कोपरे दुमडलेत का, त्यावरचा पारदर्शक फुगा दबला आहे का. सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. याच्याशी कुणी खेळले आहे का? उत्तर जितके ठाम नकारार्थी तितके गुण अधिक.

या न्यायाने अव्वल ठरलेली वस्तू पाहण्यासारखी आहे. १९७९ मध्ये केनरने जाहीर केले होते की चार खरेदीचे पुरावे पाठवणाऱ्या मुलाला 'बोबा फेट' हा इनामी शिकारी मिळेल आणि त्याच्या पाठीवरून खरोखर अग्निबाण सुटेल. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानातून सुटणारा बाण घशात अडकून एक लहान मूल दगावले. केनरने बाण पक्का केला आणि जाहिरातीतल्या चित्रावर कागद चिकटवला. उडणाऱ्या बाणाचा बोबा फेट एकाही मुलाच्या हाती गेला नाही. कारखान्यातले काही कच्चे नमुने तेवढे मागे राहिले. त्यांतला एक, हाताने रंगवलेला, २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. ज्याच्याशी कुणी खेळले नाही, आणि कुणी खेळूही नये, ते खेळणे सर्वांत मोलाचे ठरले.

यात नुसता विक्षिप्तपणा आहे असे आम्हाला वाटत नाही. रोलाँ बार्थ याने १९५७ च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात खेळण्यांवर लिहिताना प्लॅस्टिकविषयी नाराजी दाखवली होती. लाकडी खेळणे मुलाबरोबर मुरते, प्लॅस्टिकचे तसे मुरत नाही, असा त्याचा रोख. संग्राहकाने त्याच प्लॅस्टिकला दीर्घायुष्य दिले. फक्त ते देताना मूल मधून वगळले.

पण हिशेब नीट मांडला तर वगळलेले मूल पुन्हा पुढे येऊन उभे राहतेच. १९७८ चा मोहोरबंद स्टॉर्मट्रूपर दुर्मिळ का, तर लाखो मुलांनी आपापला पुठ्ठा टराटरा फाडला म्हणून. याचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. १९९५ मध्ये हॅस्ब्रोच्या छत्राखालच्या केनरने ही मालिका पुन्हा सुरू केली. १९९९ च्या मे महिन्यात नव्या चित्रपटाची खेळणी आली तेव्हा अमेरिकेतली दुकाने मध्यरात्री उघडली आणि मोठी माणसे रांगा लावून उभी राहिली. जुन्या खेळण्यांच्या किमती तोवर सर्वांना ठाऊक झाल्या होत्या. लोकांनी एक उघडायला तर दोन ठेवायला घेतली, किंवा सगळीच ठेवायला. परिणाम असा की त्या वर्षांतल्या बहुतेक फिगर आजही कोऱ्या करकरीत आणि मुबलक आहेत, आणि त्यांना फारसे कुणी विचारत नाही. सगळ्यांनी जपले, म्हणून मोल राहिले नाही. न खेळलेल्या खेळण्याची किंमत खेळलेल्या मुलांनी चुकवलेली असते, हे या व्यवहारातले न लिहिलेले कलम आहे.

मामींच्या सांगण्यानुसार आम्ही एका जाणकार संग्राहकाला सर्व एकसष्ट नगांची छायाचित्रे पाठवली. पंधरा दिवसांनी यादी आली. बहुतेक नग बरे निघाले, दोन-तीन चांगले निघाले. जावासमोर मात्र एक ओळ होती. झगा मूळचा नाही. ओबी-वॉन केनोबी या पात्राचा प्लॅस्टिकचा झगा कातरून तो बनवला आहे, कडा पाहा. प्रक्षिप्त पाठ! आम्ही भिंग घेऊन बसलो. एकदा सांगितल्यावर कातरीची ती कड आम्हालाही दिसू लागली, जशी प्रक्षिप्त ओवी दाखवून दिल्यावर विद्यार्थ्यांना दिसते.

मग वहीतले ते पान पुन्हा उघडले. खरेदीच्या नोंदीखाली, निराळ्या शाईत, बहुधा पुष्कळ नंतर, मामांनी दोनच शब्द लिहिले होते : 'कड पाहणे.' त्यांना शंका आली होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही, जावा परत केला नाही, आणि दुसऱ्याला खरा म्हणून विकलाही नाही. फसवणूक आपल्यापाशीच थांबवली. त्या दोन शब्दांनी मामा आम्हाला जितके कळले तितके अधूनमधूनच्या भेटींतून कळले नव्हते.

यादीत शेवटी पुण्याचा स्टॉर्मट्रूपर होता. भाच्याने तो एवढी वर्षे जपला होता. इतर नगांबरोबर आम्हीच त्याचे छायाचित्र धाडले होते. शेरा असा : बंदूक नाही, डावा पंजा चावलेला, प्लॅस्टिक पिवळे, मांडीच्या सांध्यात माती. सांधा साफ केल्यास थोडीफार रक्कम येईल. यावर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, निदान माती तरी काढावी. वस्तू स्वच्छ ठेवणे हाही तिचा मान आहे. दुसरीचे म्हणणे, ती माती १९८६ च्या किल्ल्याची आहे. पोथीवर दिव्याच्या तेलाचा डाग दिसला, पानाच्या कोपऱ्यावर बोटांचा काळसरपणा दिसला, की ही प्रत वाचली गेली होती असे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते आपण पाहतो तेही कुणाच्या तरी घरात ते वापरले गेले होते म्हणून. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी तो संग्रह आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केला. तिथे वापर हा दोष नाही. मग इथेच का व्हावा?

वादाचा निकाल लागला असे म्हणता येणार नाही. एकोणसाठ नग विकले आणि रक्कम मामींना पाठवली. तीन राहिले. स्टॉर्मट्रूपर राहिला, मातीसकट. जावा राहिला, कारण खरा म्हणून तो विकता येत नव्हता आणि खोटा म्हणून विकावासा वाटला नाही. तिसरा नग पुठ्ठ्यावरच आहे. फुगा शाबूत, कोपरे धड, आत स्टॉर्मट्रूपरच. यादीतली सर्वांत मोठी रक्कम त्याच्यासमोर होती. मामींना आम्ही तेवढे पैसे आमचे धाडले. वहीत त्याची नोंद एका ओळीची आहे. खरेदी १९८५, टोपलीतून, भाव एक डॉलरच्या आत. म्हणजे त्या दिवशी मामांनी चार नव्हे, पाच नग घेतले होते. पाचवा बॅगेत मावला नसेल, किंवा स्वतःसाठी ठेवला असेल.

तो उघडायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही. सध्या दोघे शिपाई पुस्तकांच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. एकाला पहारा माहीत आहे, दुसऱ्याला नाही.