एकट्याचा नकार

ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघाच्या परिषदेला मंत्री जमतात, तेव्हा व्हेटो त्यांच्या आधीच येऊन बसलेला असतो. बोलतो क्वचितच. त्याच्या धाकानं मसुदा लिहिणारे अधिकारीच एखादं वाक्य मवाळ करतात, एखादं कलम गाळतात. मतदानाची वेळच येत नाही.

सगळीकडे त्याचं चालत नाही. शेती, बाजारपेठ, पर्यावरण या विषयांवरचे बहुतेक कायदे 27 पैकी 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या पाठीशी असली की मंजूर होतात. पण कर, परराष्ट्र धोरण आणि नव्या देशाचा प्रवेश ही त्याची वतनं अजून शाबूत आहेत.

तो बलदंड झाला 1965 साली. बहुमतानं निर्णय घेण्याची तारीख जवळ आली होती आणि राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या फ्रान्सनं बैठकांना येणंच बंद केलं. खुर्ची सुमारे सात महिने रिकामी राहिली. जानेवारी 1966 मध्ये लक्झेंबर्गला तोड निघाली. देशाचं अत्यंत महत्त्वाचं हित गुंतलं असेल तर एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहील, असं फ्रान्सनं बजावलं. तेव्हाच्या उरलेल्या पाच सदस्य देशांना ते मनापासून पटलं नव्हतं, तरी पुढची वीसेक वर्षं कारभार त्याच धाकात चालला.

मला त्याचा राग येत नाही. साडेपाच लाख वस्तीचा माल्टा आठ कोटींहून मोठ्या जर्मनीशेजारी ताठ बसतो, तो याच्याच भरवशावर. लहानांना असा पाठीराखा हवाच.

राग येतो तो उत्तर मॅसेडोनियाची कहाणी पाहून. 2005 मध्ये तो देश अधिकृत उमेदवार झाला. मग ग्रीसनं त्याच्या नावावरून वाट अडवली. त्या लोकांनी देशाचं नाव बदललं! याहून मोठं काय मागणार? तरी 2019 च्या ऑक्टोबरात फ्रान्सनं हात आडवा घातला आणि 2020 मध्ये भाषा-इतिहासाच्या वादावरून बल्गेरियानं. 2022 मध्ये बल्गेरियानं वाट सोडली, पण राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करण्याची नवी अट पुढे आली. नकार देणाऱ्या प्रत्येकाला टेबलाशी खुर्ची होती. ज्याला किंमत मोजावी लागली, तो दाराबाहेर उभा होता. दुबळ्याचा हा पाठीराखा इथे आपल्याहून दुबळ्यावरच उगारला गेला.

प्रवेशाच्या अखेरच्या निर्णयाला सर्वांची संमती हवी, हे मला मान्य आहे. नवा सदस्य सगळ्यांच्याच घरात येतो. पण वाटाघाटी सुरू करायच्या, त्यातला एकेक विषयगट उघडायचा, मिटवायचा, तर दर पायरीवर 27 होकार कशाला? या मधल्या पायऱ्या बहुमतावर सोपवाव्यात आणि व्हेटोला शेवटच्या दारापाशी बसवावं. तेवढीच त्याची न्याय्य जागा आहे.