जिन्यातल्या ट्यूबखालची भिंत

सरावलीत रात्री पुरता काळोख होतच नाही. तारापूर एमआयडीसीचे दिवे, रस्त्यावरचे एलईडी आणि प्रत्येक इमारतीच्या जिन्यात रात्रभर जळणारी ट्यूब. पावसाळ्यात त्या ट्यूबखालच्या पांढऱ्या भिंतीवर पतंग येऊन बसतात. मी केमिकल प्लँटमध्ये काम करतो. आत मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे माझे सगळे फोटो थर्ड शिफ्ट सुटल्यावरचे, घरचा जिना चढतानाचे.

आधी नुसतेच काढायचो, रंग आवडले म्हणून. एका पहाटे भिंतीवर हिरव्या-गुलाबी नक्षीचा, जाड अंगाचा पतंग दिसला. त्याचा फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यास-प्रकल्पातून सुरू झालेली ही सोय आता जगभर वापरली जाते. माझा पतंग ओलिएंडर हॉकमॉथ आहे, असे कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिले. त्याची अळी कण्हेर आणि तगरीवर वाढते, हेही तिथेच वाचले. आमच्या कंपाउंडला पूजेच्या फुलांसाठी ही दोन्ही झाडे लावलेली आहेत. खाली उतरून पाने उलटून पाहिली तर तगरीवर हिरवीगार जाड अळी होती, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असलेली. इतकी वर्षे आम्ही तिला कीड म्हणून वेचून फेकत होतो.

फोटोची नोंद व्हायला तीन गोष्टी लागतात: काय दिसले, कुठे आणि कधी. मग इतर लोक नाव सुचवतात. सुचवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचे प्रजातीवर एकमत झाले की ती नोंद संशोधनाला वापरण्याजोगी ठरते. ही पद्धत मला फार पटते. एकट्या तज्ज्ञाच्या शब्दावर काही ठरत नाही आणि माझ्या शब्दावर तर नाहीच. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. फुलपाखरांच्या त्यामानाने सुमारे तेराशे, तरी पुस्तके आणि कौतुक बहुतेक फुलपाखरांच्याच वाट्याला येते. पतंगांसाठी ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ आहे. बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे यांचा त्यात मोठा वाटा आहे. नाव अडले की मी तिथले फोटो शेजारी ठेवून पंखांवरच्या रेषा जुळवत बसतो.

हळूहळू इमारतीतले लोक मला फोटो पाठवू लागले. इथे एक अडचण आली. व्हॉट्सॲपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. हातात येतो तो सुंदर, पण बिनतारखेचा, बिनपत्त्याचा पतंग. म्हणून आता ग्रुपवर सांगून ठेवले आहे: फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर खाली दिवस, वेळ आणि मजला लिहा. शक्य असेल तर एक वरून आणि एक बाजूने काढा. पतंगाला हात लावू नका. आकार कळावा म्हणून भिंतीवर शेजारी बोट टेकवा, तेवढे पुरते. आणि घराचा नेमका पत्ता जगासमोर जाऊ नये, अशी कोणाची इच्छा असेल तर जागा धूसर ठेवता येते. मग नोंद साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसते. आमच्याकडच्या बायकांनी हा पर्याय कळल्यावरच फोटो पाठवायला सुरुवात केली. त्यांची काळजी रास्त होती आणि ती मी सुरुवातीलाच विचारायला हवी होती.

जिना झाडायला येणाऱ्या मावशी सकाळी लवकर येतात. त्याही आधी दयाळ आणि बुलबुल येऊन भिंतीवरचे पतंग टिपून जातात, रात्रभर पाली असतातच. उरलेले झाडूखाली जायचे. मावशींना मोबाइलवर मोठे करून एक पतंग दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “दादा, तुझं झालं की हाक मार, मग मी झाडीन.” आता कोपऱ्यात काही नवीन दिसले की त्याच मला हाक मारतात.

मनोरकडून कामाला येणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने गेल्या पावसाळ्यात तळहाताएवढ्या पतंगाचा फोटो पाठवला. पंखांवर काचेसारखे पारदर्शक गोल डाग होते. तो टसर रेशमाचा पतंग होता. नाव मला फोटोवरून मिळाले, पण त्याचे कठीण, देठाला लटकणारे कोश ऐनाच्या झाडावर सापडतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. नोंदीखालच्या टिपणीत मी झाडाचे नाव लिहिले. पतंग भिंतीवर दिसला एवढे फोटो सांगतो. तो कोणत्या झाडावर वाढला, हे सांगायला जंगलात वाढलेला माणूस लागतो.

मुंबईत 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ने हेच किनाऱ्यावर केले आहे. प्रदीप पाताडे आणि त्यांचे सहकारी ओहोटीच्या वेळी लोकांना जुहू, हाजीअलीला नेतात आणि जमलेले फोटो आयनॅचरलिस्टच्याच नकाशावर येतात. शहराच्या सांडपाण्याशेजारी प्रवाळ आणि समुद्रफुले राहतात, हे अनेक मुंबईकरांना त्या फोटोंतून कळले. आमच्या भागाच्या नकाशावर मात्र ठिपके अगदी विरळ होते. रिकामा नकाशा बघून कोणालाही वाटेल की कारखान्यांच्या या पट्ट्यात काही उरलेलेच नाही. आणि जिथे काही नाही असे वाटते, तिथे झाड तोडताना कोणी विचारत नाही. याचा मला मनापासून राग येतो. ठिपके नव्हते, कारण इथे कोणी फोटो टाकत नव्हते.

दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला हा उपक्रम आता भारतातही चालतो. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत तीन मजल्यांची मुले उशिरापर्यंत जागतात. सगळी नावे लागत नाहीत. बारीक करड्या पतंगांच्या बऱ्याच नोंदी कुळापाशीच थांबतात, कारण त्यांच्यातला फरक सूक्ष्मदर्शकाखाली शरीर उघडल्याशिवाय कळत नाही. मुलांना हे सांगितले तेव्हा एकीने विचारले, “मग फोटो पुसायचा का?” नाही पुसायचा. पुढे कोणाला नाव कळले तर जुनी नोंद तिथे असेल.

जून ते ऑक्टोबरच्या नोंदी आता बऱ्यापैकी भरल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या जवळजवळ नाहीत. थंडीत पतंग कमी येतात हे खरे, पण कमी म्हणजे किती, हे सांगायला थंडीतल्या भिंतीचेही फोटो हवेत. भिंत रिकामी असेल तर तेही तारखेसह वहीत लिहायचे, असे ठरले आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणींनी डिसेंबर घेतला आहे, जानेवारी माझ्याकडे आहे.