एका अक्षराची गोष्ट

माझ्याजवळ एक जुना लॅपटॉप आहे. बी.एड. होऊन शाळेत लागलो, तेव्हा वर्षभर पैसे साठवून २०१४ साली मी तो घेतला. त्याने मला चांगली साथ दिली. पण पुढे तो फार मंद झाला. प्रश्नपत्रिका उघडली, की गुणांचा तक्ता अडकून बसे. नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. एक मित्र म्हणाला, "यंत्र चांगले आहे. फक्त त्याची मेमरी वाढव."

मेमरी म्हणजे काय? माझे अब्बा घड्याळे दुरुस्त करतात. त्यांच्या कपाटात शेकडो सुटे भाग आहेत. पण काम चालते ते समोरच्या लहानशा टेबलावर. टेबल लहान असले, की एक वस्तू ठेवण्यासाठी दुसरी उचलावी लागते आणि वेळ जातो. लॅपटॉपची हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे टेबल. माझे टेबल चार जीबीचे होते. मागचे झाकण उघडून पाहिले, तर मेमरीची एक जागा रिकामीच होती.

मी घाईने दुकानात गेलो. "लॅपटॉपसाठी डीडीआर तीन, चार जीबी द्या," एवढेच म्हणालो. घरी येऊन लॅपटॉप बंद केला, चार्जर आणि बॅटरी काढली. नवी पट्टी तिरकी धरून आत सरकवली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक्' करून बसल्या. मी खूश झालो. पण बटण दाबले, तर पडदा काळाच! आतून नुसते 'बीप, बीप' ऐकू येऊ लागले.

मला घाम फुटला. दहावीच्या मुलांचे अंतर्गत गुण त्यातच होते आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत द्यायचे होते. त्यांची दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती. थरथरत्या हातांनी नवी पट्टी काढली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. आधी मी सगळे गुण पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले.

अब्बा शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "जुनी पट्टीही काढ. दोन्ही इकडे आण." त्यांनी त्या शेजारी ठेवल्या. लांबी तीच, खाच त्याच जागी, सोनेरी टोकेही दोन्हींना २०४. अब्बांनी भिंग डोळ्याला लावले आणि एकेक अक्षर वाचले. "बेटा, जुनीवर 'पीसी३एल' आहे. नवीवर 'एल' नाही."

तो 'एल' म्हणजे कमी दाबाची वीज. 'एल' असलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, नसलेलीला १.५ व्होल्ट लागतात. माझ्या लॅपटॉपला पहिलीच चालते. त्याच्या माहितीपुस्तिकेत तसे छापलेले होते. मी ती उघडलीच नव्हती. डीडीआर चारची पट्टी असती, तर ती आत गेलीच नसती, कारण तिची खाच वेगळ्या जागी असते. ही बसली, म्हणूनच मी फसलो.

अब्बा म्हणाले, "घड्याळातही असेच असते. दोन चाके सारखी दिसतात; पण एकाला एक दात जास्त असतो. म्हणून मी जुना भाग हातात घेऊनच नवा शोधतो."

मला दुकानदाराचा राग आला होता. पण मीच त्याला अर्धे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी जुनी पट्टी सोबत नेली. त्याने पट्टी बदलून दिली. वरचे थोडे पैसे मी दिले. आता लॅपटॉप आठ जीबीचा झाला आहे आणि झटपट चालतो.

मुलांनो, उर्दूत नुक्त्याची जागा बदलली, की 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मीही ते वर्गात अनेकदा सांगितले होते. पण स्वतः मात्र एक अक्षर न वाचताच बाजारात गेलो होतो. आता वही तपासताना सुटलेला नुक्ता किंवा अनुस्वार दिसला, की 'एवढीशी तर चूक' असे मी म्हणत नाही.