रेघ, रॉकेल आणि टक्क!

टक्क!

एवढाच आवाज झाला आणि माझ्या दोन्ही हातांत काचेचा एकेक तुकडा होता. कड अगदी सरळ. ना चुरा, ना तडा, ना रक्त. मी पुन्हा दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले, तर सांधा दिसेना! वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा काच कापली, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आता तुम्हाला सांगते.

सुरुवात झाली ती एका वाईट दिवशी. कराडचं आमचं माहेरचं घर १९५१ सालचं. दिवाळीनंतर ते पाडून नवं बांधायचं दादानं ठरवलं. मी निरोप घ्यायला म्हणून गेले, तर पाडकाम करणारी मुलं माडीवरून खिडक्यांची दारं खाली टाकत होती. सागवान विकलं जाणार होतं, गज भंगारात जाणार होते. काच मात्र कुणालाच नको होती. भंगारवाला म्हणाला, "ताई, काच नाही घेत आम्ही." नऊ खिडक्या, प्रत्येकीला दोन दारं, दाराला तीन तावदानं. ५४ तावदानं! ज्यांतून आईनं आमच्या शाळेच्या वाटेवर नजर ठेवली, ती राडारोड्यात जाणार होती. मी अंगणातच उभी राहून ओरडले, "थांबा!"

फुटून गेली ती गेली. ३१ वाचली, शिवाय जिन्याच्या खिडकीची दोन मोठी, १८ बाय २४ इंचांची. वर्तमानपत्रं मध्ये घालून, जुन्या सतरंजीत गुंडाळून मी ती पुण्याला आणली. दहा बाय बारा इंचांचं, जेमतेम एक सूत जाडीचं तावदान साधारण ५८० ग्रॅम भरतं. ३१ म्हणजे १८ किलो. गाडीच्या मागच्या सीटवर ती उभी ठेवली होती. काच नेहमी उभी न्यायची, आडवी ठेवली की रस्त्यातला खड्डा तिला मोडतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. जागा नव्हती म्हणून उभी ठेवली, आणि म्हणूनच ती घरापर्यंत पोचली.

पुढचे आठ दिवस गेले लांबी काढण्यात. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली ती लांबी सत्तर वर्षांत दगड झालेली असते. घाई केली की काच गेलीच. लांबीवर तेल चोळून रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या सुरीनं कण कण उकरायचा, आतल्या बारीक चुका पकडीनं ओढायच्या. एक गोष्ट इथं कळकळीनं सांगते. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. चौकटीवर कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका; ओलं करून खरवडा, तोंडाला मास्क लावा आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेरच करा.

मग मी पहिलं तावदान साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि गॅलरीत उजेडाकडे धरलं. समोरचा आंबा हलला! वारा नव्हता. मी काच जराशी खालीवर केली, तशी फांदी लवली आणि पुन्हा सरळ झाली. काचेत लाटा होत्या. अगदी मंद, अंगणात साठलेल्या पाण्यावर फुंकर घालावी तशा. लहानपणी आजारी पडले की त्या खिडकीतून समोरचं कौलारू छप्पर डुलताना दिसायचं आणि मला वाटायचं, तापामुळे दिसतंय. ते तापामुळे नव्हतं! ते या काचेमुळे होतं!

असं का, हे शोधल्याशिवाय मला राहवेना. तेव्हाची काच ओढून बनवत. बेल्जियमच्या एमिल फुर्को या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती युक्ती काढली. भट्टीतल्या वितळलेल्या काचेतून, मातीच्या ठोकळ्यातल्या फटीतून, रस सरळ वर ओढायचा, पाकाची तार ओढावी तसा. फक्त तारेऐवजी रुंद पट्टा. तो रुळांमधून वर चढता चढता थंड होतो आणि ओढीच्या रेषा त्याच्या अंगावर राहतात. आजची आपल्या घरांतली काच वेगळी. तिला फ्लोट म्हणतात. इंग्लंडच्या अलास्टेर पिल्किंग्टन यांनी १९५२ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि १९५९ मध्ये ते जगापुढे आलं. वितळलेल्या कथिलाच्या तळ्यावर काचेचा रस सोडतात; पाण्यावर तेल पसरावं तसा तो पसरतो आणि दोन्ही बाजूंनी सपाट होतो. म्हणजे आमचं घर उभं राहिलं तेव्हा तशी काच जगातच नव्हती! ३१ तावदानांपैकी एक मात्र मी ओळखून काढलं. त्यातून आंबा हलत नव्हता. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ते १९९८ साली चेंडूनं फुटलं होतं, नवीन बसवलं." काचेनं सत्तर वर्षांचा हिशेब नीट सांभाळला होता.

(शाळेत आम्हाला सांगितलं होतं की काच हा घट्ट द्रव असतो आणि शेकडो वर्षांत ती हळूहळू खाली ओघळते, म्हणून जुनी तावदानं तळाशी जाड असतात. ते खरं नाही. पूर्वी काच बनतानाच कमीजास्त जाडीची बनायची, एवढंच.)

आता कापायचं कसं? जवळच्या पेठेत आरसे आणि फोटोफ्रेमचं एक छोटं दुकान आहे, तिथल्या काकांकडे गेले. सत्तरीचे असतील. मी विचारलं, "काका, मला काच कापायला शिकवाल?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"ताई, आधी एक समजून घ्या. काच कापत नाहीत. काच फुटतेच. ती कुठं फुटायची, तेवढं आपण ठरवायचं."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कटरचं बारीक चाक काचेत आत जातच नाही. ते वरच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म चीर पाडतं, बस्स. काच दाबली तर फार सोसते, ताणली तर फार थोडं, आणि चीर असली की सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं याचंच गणित मांडलं, १९२१ साली प्रसिद्ध झालेलं, आणि प्रयोग केले ते काचेवरच! काकांनी ग्रिफिथचं नाव ऐकलेलं नाही. पण त्यांच्या अंगठ्याला ते गणित येतं.

रेघ मारताना कटर चाकाशी रॉकेलनं ओला हवा. रॉकेल आता सहज मिळत नाही, शिलाई मशीनचं तेल चालतं. काचेखाली जाड घोंगडी, वर लाकडी पट्टी. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रेघ, एकाच दाबानं, न थांबता. आणि कान द्यायचा! बरोबर दाब पडला की रेशमी कापड फाडल्यासारखा सलग आवाज येतो. कचकच आली की दाब जास्त झाला, आवाजच नाही आला की कमी. तीच रेघ दुसऱ्यांदा कधीही मारायची नाही. चाकही जातं आणि चीरही वेडीवाकडी पसरते. "आणि रेघ शिळी होऊ देऊ नका," काका म्हणाले. मारली की लगेच, दोन्ही बाजूंना मुठी धरून, अंगठे वर, मुठी खाली वळवायच्या. भाकरीचा कडक पापुद्रा मोडतो तसं.

टक्क!

माझी पहिली तीन तावदानं वाया गेली, तीही मी मुद्दाम खरचटलेली निवडली होती. जुनी काच नव्या काचेपेक्षा हट्टी असते. पावसाळ्यांनी तिच्या पृष्ठभागावर परिणाम केलेला असतो. बाहेरची बाजू खडबडीत, आतली गुळगुळीत. आतल्या बाजूनं रेघ मारली आणि चौथ्याला जमलं. चष्मा मात्र हवाच, साधा नव्हे, बाजूनं झाकलेला. बारीक कपच्या उडतात आणि दिसत नाहीत. कडा मारायच्या त्या वॉटर पेपरनं, पाण्यात बुडवून, आधी १२० नंबर, मग २२०, शेवटी ४००. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट.

आणि मग काय काय केलं! फोटोच्या चौकटी केल्या, रोपांसाठी पेटी केली, पण ती कुणीही करतं. मला वेड लावलं ते सौर पेटीनं. १७६७ साली ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं काचेच्या पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या आणि आतलं तापमान जवळजवळ ८८ अंशांपर्यंत नेलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी! मी जिन्याच्या खिडकीची दोन्ही मोठी तावदानं १८ बाय २० ला कापली. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात दुसरं खोकं, मधल्या जागेत भाताचं तूस दाबून, आत काळा रंग दिलेला पत्रा, वर दोन काचा, मध्ये बोटभर हवा. बस्स. ऊन काचेतून आत येतं, काळ्या पत्र्यावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून तशीच बाहेर पडू शकत नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक वाजता आत ठेवलेला थर्मामीटर ९८ अंश दाखवत होता. मी त्यात शेंगदाणे पसरले. ना ढवळणं, ना गॅसपाशी उभं राहणं. तीनला पेटी उघडली तर घरभर वास! सालं चुरताच निघाली. त्यांचा कूट करून मी शेजारीपाजारी पाच घरी वाटला. पुढच्या रविवारी मुगाची डाळ आणि भात. शिट्टी नाही, वाफ नाही, आणि दाणा न् दाणा मोकळा.

एकदा चूकही झाली. तापलेल्या काचेवर धूळ दिसली म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसली. कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. वरचा भाग एकदम थंड होऊन आक्रसतो, आतला गरमच राहतो, काच ताणली जाते. माझ्याकडे तेवढं मोठं दुसरं तावदान नव्हतं, ते बाजारातून घ्यावं लागलं. म्हणून सांगते, गरम काचेला पाणी लावू नका, आणि चौकटीत काच ठोकून घट्ट बसवू नका. चहूबाजूंनी दोन मिलिमीटर सैल ठेवा, तिला फुगायला जागा लागते.

सध्या माझ्या टेबलावर जे आहे ते आणखीनच वेगळं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रं आहेत, काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेली. मी ती पूर्वी पाहिली होती, पण बघितली नव्हती. आता गेले आणि तासभर हलले नाही. या चित्रांत सगळा क्रम उलटा! कागदावर आपण आधी पार्श्वभूमी रंगवतो, शेवटी डोळ्यातली बाहुली. इथं आधी बाहुली, मग डोळा, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी आकाश. एकदा दिलेला ठिपका पुन्हा सुधारता येत नाही, तोच सगळ्यांच्या पुढे राहतो. मी कराडच्या एका तावदानावर आमचंच घर काढते आहे. आधी दाराची कडी रंगवली. भिंत अजून दोन आठवड्यांनी येईल.

काही गोष्टींसाठी मात्र ही काच वापरू नका, यावर मी ठाम आहे. जुनं तावदान फुटलं की सुरीसारखे तुकडे होतात. म्हणून दारात नको, मुलांच्या उंचीवर नको, वजन पेलणाऱ्या फळीसाठी नको. आणि अलीकडच्या सरकत्या दारांची किंवा न्हाणीघरातली टफन्ड काच कापायला जाऊच नका. तिच्या कोपऱ्यात बहुतेकदा छोटा शिक्का असतो. रेघ मारून मोडायला गेलात की अख्खी काच एका क्षणात खड्यांसारखी विखुरते.

कराडजवळच ओगलेवाडी आहे. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील आमच्या घरात होते आणि कंदिलाची काच राखेनं पुसण्याचं काम माझ्याकडे होतं. काचेच्या इतक्या जवळ वाढले मी, आणि ती हातात धरून मोडायला साठी उलटावी लागली! तुम्ही एवढं थांबू नका.

गावोगावी वाडे उतरत आहेत, सोसायट्या पाडून नव्या होत आहेत. तुमच्या ओळखीत कुणाचं जुनं घर पाडायचं ठरलं असेल, तर पाडकामाची माणसं येण्याच्या आदल्या दिवशी तिथं जा. सोबत जुनी चादर, वर्तमानपत्रांची रद्दी, जाड हातमोजे आणि एक पकड न्या. खिडकीची दारं बिजागऱ्यांतून अख्खी काढा, काच तिथं सोडवत बसू नका. उभी ठेवा, पावसात भिजू देऊ नका. ओल्या काचा एकमेकींना चिकटून राहिल्या की त्यांवर डाग पडतात आणि ते निघत नाहीत. माझ्याकडे अजून १९ तावदानं शिल्लक आहेत. कुणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या, घोंगडी पसरलेलीच असते.